परत येण्याची परवानगी

जून 2018. पहाटेची वेळ, बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला, मग शेवटापासून उलटा चाळला. त्याला काहीतरी सापडत नव्हतं. मी आपणहून पुढे होऊन त्याला शिक्का दाखवला: पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत राहण्याची परवानगी. त्यानं मान डोलावली, शिक्क्याशेजारचं रिकामं पान बोटानं दाखवलं आणि विचारलं, ''री-एंट्री?''

मी नुसती बघत राहिले.

''माइ मी,'' तो हसून म्हणाला. म्हणजे 'नाही'. मग तो उठला, माझी पिशवी स्वतः उचलली आणि मला 'व्हिसा ऑन अरायव्हल'च्या रांगेपर्यंत सोडून आला. पुढेमागे समुद्रावर निघालेली टोप्या घातलेली मंडळी, आणि मध्ये मी. दोन वर्षं श्रीराचाला राहणारी, रेयोंगच्या वाहनभागांच्या कारखान्यात क्वालिटी बघणारी, पिशवीत आईनं दिलेलं कैरीचं लोणचं. पंधरा दिवसांच्या आत देश सोडणार असल्याचं तिकीट तेव्हा दाखवावं लागायचं, म्हणून तिथंच उभं राहून मोबाईलवर एक तिकीट काढलं. सकाळी सातला मी थायलंडमध्ये शिरले ती पर्यटक म्हणून. माझं घर, माझा पगार, माझी खुर्ची, सगळं तिथंच होतं. परवानगी तेवढी उरली नव्हती.

माझं नाव प्रज्ञा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्या दिवशी माझ्यासाठीच होती. दहा दिवसांपूर्वी बाबा घरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी रात्रीच्या विमानानं निघाले. निघताना जो कागद करायला हवा होता तो केला नाही. कुणी लपवला नव्हता, सांगायचं विसरलंही नव्हतं. कंपनीनं पहिल्याच आठवड्यात दिलेल्या पत्रकात तो चौथ्या क्रमांकावर होता.

इथं तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आपण तिन्हींना 'व्हिसा' म्हणतो. व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची मुभा. आत आल्यावर मिळतो तो मुक्कामाच्या तारखेचा शिक्का. नोकरीवाल्यांना तो सहसा वर्षावर्षानं 1900 बाट भरून वाढवून मिळतो. तिसरी गोष्ट री-एंट्री परमिट. एसटीत जागा मिळाली, चहा प्यायला खाली उतरलात, तर सीटवर रुमाल ठेवता ना? तो रुमाल म्हणजे हे परमिट. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलंत की मुक्कामाची वाढीव मुदत त्याच क्षणी संपते, मग शिक्क्यावर पुढची तारीख काही का असेना. एका फेरीचं परमिट 1000 बाटचं, अनेक फेऱ्यांचं 3800 चं. त्यानं मुदत वाढत नाही, आहे ती जिवंत राहते.

वर्क परमिटही मुक्कामाच्या परवानगीच्याच आधारानं उभं असतं. त्यामुळे पुढचा महिना असा गेला: कंपनीची पत्रं पुन्हा, रात्रभर प्रवास करून उदोन थानी, तिथून नोंग खाइ, मेकाँगवरचा मैत्री पूल, पलीकडे लाओसची राजधानी व्हिएन्तियान. तिथल्या थाई दूतावासात एका दिवशी अर्ज, दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट. परत येऊन 90 दिवसांचा शिक्का, मग पुन्हा वर्षाची वाढ. 1000 बाटचा रुमाल विसरल्याची ही किंमत.

या सगळ्यात कुणी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. आमच्या एचआरमधल्या ताई (इथं वयानं मोठ्या व्यक्तीला 'पी' म्हणतात) म्हणाल्या, ''माइ पेन राय.'' म्हणजे 'असू दे, काही हरकत नाही'. आणि त्याच दमात माझ्यापुढे अकरा कागदांची यादी सरकवली. मला थायलंड कळलं ते त्या क्षणी. आपल्याकडे नियम दरडावून सांगतात आणि मग काहीतरी तोड निघते. इथं नियम हसून सांगतात आणि तोड निघत नाही. ते हसू आपल्याला सूट वाटतं. पुढचं जे सांगते आहे ते या एका गैरसमजाच्या बिलाचे निरनिराळे हप्ते आहेत.

तारखा

सलग 90 दिवस देशात राहिलात की आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. देय तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत ते करता येतं. उशीर झाला तर 2000 बाट दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परत आल्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. हे कळवणं आणि मुदत वाढवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक केलं म्हणून दुसरं झालं, असं समजणारे दरवर्षी भेटतात. परदेशी माणूस राहायला आल्यावर 24 तासांत घरमालकानं त्याची वेगळी नोंद करायची असते. काम त्याचं, पण पावती नसली तर इमिग्रेशनच्या काउंटरवर अडकता तुम्ही. घर घेतानाच विचारून ठेवा आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला 500 बाट, कमाल 20 हजार. पैसे भरून सुटका होते असं वाटून घेऊ नका: 90 दिवसांपेक्षा जास्त झाले की वर्षभर देशात येण्यावर बंदी, आणि मुदत जितकी उलटलेली तितकी बंदी मोठी. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. इथं राहणारे परदेशीही त्यातून सुटत नाहीत.

तारीख वाचणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. थाई कागदांवर बुद्धसंवत असतो, आपल्या सनापेक्षा 543 नं पुढे. 2018 मध्ये आईच्या कालनिर्णयात शके 1940 होतं, इकडे माझ्या वर्क परमिटवर 2561. पहिल्या आठवड्यात दुधाच्या डब्यावर '59' बघून हे दूध त्रेचाळीस वर्षं टिकतं की काय, असं वाटलं होतं. दुधाचं हसण्यावारी गेलं, परवान्याचं जात नाही. कागद हातात आला की त्यातून 543 वजा करा आणि ती तारीख भिंतीवर लिहा.

नाव आणि सही

आपल्या पासपोर्टात मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथले अर्ज ते सगळं पहिल्या नावात कोंबतात. शिवाय 'प्रज्ञा'तला 'ज्ञ' इंग्रजीत आपण 'डी-एन-वाय-ए' लिहितो, तो थाई कारकुनानं वाचायचा कसा? वर्क परमिटवर माझं नाव एक, बँकेच्या पासबुकात दुसरं, वाहन परवान्यावर तिसरंच. पगाराच्या खात्याचं पत्र हवं होतं तेव्हा या तिघी एकच, हे सिद्ध करायला एक दिवस रजा पडली. उपाय सोपा आहे: पहिल्या सरकारी कागदावर थाई लिपीत नाव जसं उमटलं, त्याचा फोटो ठेवा आणि पुढे प्रत्येक काउंटरवर तोच दाखवा.

प्रत्येक झेरॉक्सवर, अगदी प्रत्येक पानावर, निळ्या शाईनं सही करायची. मी सहीबरोबर आडवी रेघ मारून ती प्रत कशासाठी दिली तेही लिहिते. भलत्या कामाला वापरली जायला नको. निळं पेन आणि पासपोर्ट फोटो पर्समध्ये नसतील त्या दिवशी सरकारी कामाला निघतच नाही.

दुचाकी

दुसरा मोठा हप्ता इथला. थाई परवाना काढला होता, पण तो मोटारीचा. पुण्यात कॉलेजपासून स्कूटर चालवत आलेली बाई मी. मोटारीच्या परवान्यावर स्कूटर चालवली तर बिघडलं कुठं? पावसाळ्यात एका सोइमध्ये, म्हणजे गल्लीत, वाळूवरून चाक सरकलं. मनगट मोडलं, आणि पोटरीवर सायलेन्सरचा चटका बसला, त्याची खूण अजून आहे. खासगी रुग्णालयात आधी विम्याचं कार्ड मागितलं. मग विमावाल्यांनी विचारलं, दुचाकीचा परवाना? इथं मोटारीचा आणि दुचाकीचा परवाना वेगळा. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. बिल मी भरलं. वाहनाबरोबर येणारा सक्तीचा विमा, ज्याला सगळे 'पो रो बो' म्हणतात, तो असतोच. स्वतःच्या चुकीनं पडलेल्यालाही त्यातून 30 हजार बाटपर्यंत उपचारखर्च मिळतो. मोडलेल्या हाडापुढे तो फार लांब जात नाही.

परवाना काढणं अवघड नाही. दवाखान्याचा दाखला, पासपोर्ट, आणि राहण्याचा दाखला किंवा वर्क परमिट घेऊन परिवहन कार्यालयात जायचं. रंग ओळखायचे, लाल दिवा लागताच पायाखालचा ब्रेक दाबायचा. एक चाचणी मजेची: समोरच्या खोक्यात दोन काठ्या असतात, लांब बसून बटण दाबत एक काठी दुसरीच्या रेषेत आणायची. मी पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्यांदा जमलं. पहिला परवाना दोन वर्षांचा, पुढचा पाच वर्षांचा. भाड्यानं स्कूटर घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका. तो अडकला तर तुम्हीच अडकलात. रुग्णवाहिकेसाठी 1669 हा नंबर पाठ असू द्या.

घर आणि ताट

भाडं ठरवण्याआधी विजेचा दर विचारा. मीटर वीज मंडळाचं आणि बिलही त्यांचंच असेल तर उत्तम. पुष्कळ इमारतींत मालक युनिटमागे आपला दर लावतो, आणि एप्रिलमध्ये एसी चालवल्यावर त्याचा अर्थ कळतो. दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही जुनी रीत. 2018 मध्ये पाच किंवा जास्त खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना अनामत एकाच महिन्याची घ्यायची, असा नियम आला. सध्याचा नियम माहीत असल्याचं मालकाला कळू द्यावं, तेही हसूनच. पहिल्या दिवशी भिंती, गादी, नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. जाताना अनामत तेच परत आणून देतात. पिण्याचं पाणी मी कोपऱ्यावरच्या यंत्रातून भरते, एका बाटमध्ये साधारण एक लिटर.

आई आली तेव्हा 'भाजीच घातलीय' या शब्दावर विसंबून तिला पपईची कोशिंबीर दिली. पहिल्याच घासाला तिनं ताट सरकवलं. त्यात नाम प्ला होतं, म्हणजे माशाचं पाणी. इथं ते आपल्या मिठासारखं पडतं, त्याला कुणी मांसाहार मानत नाही. शाकाहारी माणसानं 'मांगसविरात' हा शब्द शिकावा. ती आपलीच 'मांसविरती'. त्याहून खात्रीचा शब्द 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. आईनं पुढचे पंधरा दिवस त्या पताका बघत बाजार पालथा घातला.

पैसा आणि जपणूक

वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलात की कराच्या दृष्टीनं तुम्ही इथले रहिवासी. 1 जानेवारी 2024 पासून परदेशात मिळवून इथं आणलेलं उत्पन्नही या हिशेबात येतं. दुसऱ्या बाजूला भारतातलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. दोन्हीकडचं जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा पैसे द्या.

ई-सिगारेट इथं बेकायदा आहे, भेट म्हणूनही आणू नका. राजघराण्याबद्दल थट्टा, मोबाईलवर पुढे ढकललेलीसुद्धा, नको. कलम 112 खाली 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. वाऱ्यानं उडालेली नोट पायानं अडवू नका, तिच्यावर राजाचं चित्र असतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं आणि आजूबाजूचे थांबले, की आपणही थांबावं.

आता श्रीराचात नवीन मराठी माणूस आला की मी त्याला आधी चहा देते आणि मग पासपोर्ट मागते. पानं चाळून री-एंट्रीचा शिक्का शोधते, त्या विमानतळावरच्या मुलासारखीच. परवानगीला थाईत 'अनुयात' म्हणतात. शब्द आपल्या 'अनुज्ञे'च्याच घरचा. माझ्या नावातला 'ज्ञ' त्यात आहे, हे मला फार उशिरा समजलं.

परवा निघताना आईला फोनवर सांगितलं, परमिट काढलंय, विमानतळावरही मिळतं पण घाईच्या रात्रीचा काय भरवसा, म्हणून आधीच काढलं. ती म्हणाली, ''म्हणजे 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, एवढंच ना?''

एवढंच. फक्त इथं ते लेखी द्यावं लागतं, आणि 1000 बाट पडतात.