पंख असलेला घोडा



'सुनन अबू दाऊद'मध्ये आदरणीय आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. वाऱ्याने पडदा सरकला आणि त्यांची खेळणी दिसली. बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. प्रेषित सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही काय, असे उत्तर आले. प्रेषित (स.) मनमोकळे हसले.

या प्रसंगाचा बोध लक्षात घ्यावा. ऐकलेली कथा आणि हाताशी असलेली चिंधी यांची सांगड घालून एक नवी वस्तू घडली. नवनिर्मितीचे मूळ हेच होय. प्रेषितांनी (स.) चूक काढली नाही; प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले.

मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे, अखंड अभ्यासाने त्याचे मन मरते व बुद्धी बोथट होते, असे इमाम गझाली (रह.) 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये बजावतात. इ.स. १२०६ च्या सुमारास अल-जझरी यांनी लिहिलेल्या यंत्रग्रंथात करमणुकीसाठी वाद्ये वाजविणाऱ्या बाहुल्यांची नौका आहे आणि पाणी उपसण्याची यंत्रेही आहेत. दोन्हींमागे एकच बुद्धी होती.

आपल्या आंजी (मोठी) परिसरातील वडीलधाऱ्यांना ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी आठवत असेल. चाक निखळले की मूल आस बदलून पाही. ही फसण्याची आणि पुन्हा जुळविण्याची शाळाच होती. जवळच्या वर्धा शहरात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. हस्तोद्योग म्हणजे खेळ नव्हे. परंतु हात गुंतला की बुद्धी जागते, हे सूत्र दोहोंत समान आहे.

आज शाळा, मकतब आणि शिकवणी यांतून उरलेला वेळ मोबाइल गिळतो. तेथे नियम दुसऱ्याने घडविलेले असतात. मुलाच्या वाट्याला केवळ बोट फिरविणे उरते.

म्हणून असर ते मगरिबमधील थोडा वेळ मुलामुलींना मोकळा द्यावा. जुगार नसावा, कोणाला इजा होऊ नये, नमाज चुकू नये, एवढ्या मर्यादा पुरेत. चिंध्या, माती, काड्या जवळ असू द्याव्यात. मुलाने काही विचित्र घडविले, तर हसण्यापूर्वी एवढेच विचारावे, 'बाळ, हे काय आहे?' आणि उत्तर पूर्ण ऐकावे. हीसुद्धा सुन्नत आहे.

अल्लाह आपल्या लेकरांना उपकारक ज्ञान देवो. आमीन.