बालकाचा लोभ व वडीलधाऱ्यांचे वचन

लोभ हा बालवयातच दिसू लागणारा विकार होय. ताटातील गोड पदार्थ भावंडाच्या हाती जाण्यापूर्वी ओढून घ्यावा, मिळालेले लपवावे, आणि पुन्हा हात पुढे करावा, हे घरोघरी दिसते. मातापिता त्यास ‘हावरा’ म्हणून दटावतात. परंतु दटावल्याने विकार दबतो, निवृत्त होत नाही. निवृत्तीसाठी त्याचे कारण जाणले पाहिजे.

दृष्टान्त : अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सहा वर्षांखालील २८ बालकांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक बालकास चित्रकामाचे साधे साहित्य देऊन, ‘थांबल्यास याहून उत्तम आणून देऊ,’ असे सांगण्यात आले. १४ बालकांना दिलेला शब्द पाळला. उरलेल्या १४ जणांकडे मोठी माणसे रिकाम्या हातांनी परतली. पुढे प्रत्येकासमोर मिठाईचा एक तुकडा ठेवून, ‘न खाता थांबल्यास दोन मिळतील,’ असे सांगितले. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती बालके सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याशी मोडला होता ती ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी पहिल्या गटात ९ निघाली, दुसऱ्यात केवळ १.

दार्ष्टान्तिक : मिठाई तीच, वय तेच; भेद केवळ विश्वासाचा. बालके थोडी होती, म्हणून सर्व लोभाचे मूळ अविश्वासातच आहे असे म्हणता येणार नाही. तथापि ‘रडू नको, येताना खाऊ आणतो,’ असे म्हणून रिकाम्या हाताने परतणारा पिता बालकास काय शिकवितो, हे यातून स्पष्ट होते. उद्याचे खरे नाही, म्हणून आजचे ओढून घ्यावे, हेच ते शिक्षण.

हीच गोष्ट कृतज्ञतेची. ‘हात जोड’ म्हटल्याने हात जुळतात. उपकाराची जाणीव होतेच असे नाही. देणाऱ्याने काय सोसून दिले हे कळल्यावाचून उपकार ओळखता येत नाही. ताटातील भाकरीमागे शेतकऱ्याचे, बैलाचे, चुलीपुढे बसलेल्या मातेचे कष्ट आहेत, हे जेवतानाच सांगावे. साधू भिक्षेस आले असता बालकाच्या हातून, शक्य तर त्याच्याच वाट्यातील अन्न झोळीत घालवावे. मात्र बळजबरी करू नये. रुचीचा आग्रह न धरता पडेल ते स्वीकारणारा भिक्षुक त्याने डोळ्यांनी पाहिला, तर निर्लोभ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. देता देता त्यास देणाऱ्याचे मन कळू लागते, आणि मग सर्व देणाऱ्या परमेश्वराचे स्मरण त्यास ओझे वाटत नाही.

म्हणून उपदेशी कुटुंबांनी एवढे पथ्य पाळावे : देता येईल तेवढेच बोलावे, बोललेले द्यावे, देणे न घडल्यास सबब न सांगता बालकापुढे चूक मान्य करावी, भावंडांत वाटणी करताना पक्षपात करू नये.

आपला मार्ग वचनावर उभा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची वचने केशिराजबासांनी सूत्रपाठात संकलित केली, ती वचनावरील निष्ठेनेच. ज्या बालकास घरातील शब्दाचा भरवसा नाही, त्याने पुढे शास्त्रवचनावर निष्ठा कोणत्या आधाराने ठेवावी?