अडकलो तर किती दिवस?

परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, परत कोरोनाचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या येताहेत. क्रूझचं पाच रात्रींचं तिकीट काढू, की कोकणात समुद्राकाठी घर घेऊ? आणि घर घेतलं तर किती दिवसांसाठी?" मी म्हणालो, उद्या सांगतो. पोरी, याचं उत्तर घाईत द्यायचं नसतं, म्हणून लिहून पाठवतो आहे. बाळापुरातून मी तीस वर्षं सहली काढल्या. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली, गोवा. गाडी, आचारी, मुक्काम सगळं माझ्याच अंगावर असायचं. पण मुक्काम किती दिवसांचा असावा हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत.

आपला बाळापूरचा किल्ला आठव. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर तो उभा आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरून आल्या की पाणी तटाला वेढा घालतं. लहानपणी ते पाहायला आम्ही पोरं वर जायचो. आई तेव्हा एकच विचारायची, "पानी चढलं त कुठं थांबशीन रे?" किती वेळ जातोस, कधी येतोस, हे ती विचारत नसे. खिशात भाकरी आहे का तेवढं पाहायची आणि सोडायची. साथीच्या दिवसांत सुट्टी ठरवताना मी आईचाच प्रश्न विचारतो. रजा किती आहे आणि भाडं किती पडतं हा हिशेब नंतरचा. आधी, अडकलो तर किती दिवस, कुठे, कोणासोबत आणि कशाच्या भरवशावर, हे बोलून घे.

आधी जहाजाचं सांगतो, कारण तुझं मन तिकडे जास्त ओढ घेतं आहे.

डायमंड प्रिन्सेस नावाचं जहाज २० जानेवारी २०२० ला जपानच्या योकोहामाहून पंधरा दिवसांच्या फेरीवर निघालं होतं. त्यावरचा एक प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरून गेला आणि नंतर बाधित निघाला. जहाज योकोहामाला परतलं, पण कोणाला उतरू दिलं नाही. ५ फेब्रुवारीपासून चौदा दिवस सगळे प्रवासी आपापल्या खोलीत. ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. आपल्या देशातले १३८ जण त्यावर होते, बहुतेक कामगार. प्रवासी निदान खोलीत तरी होते. कामगारांना स्वयंपाक करून दारोदार ताटं पोचवायची होती. त्यांची आठवण आली की मला आजही वाईट वाटतं. पंधरा दिवसांच्या सुट्टीचा महिना झाला तो असा.

त्याच महिन्यात वेस्टरडॅम नावाचं दुसरं जहाज एकामागून एक बंदरांनी परत फिरवलं. शेवटी कंबोडियानं त्याला उतरू दिलं. म्हणजे आपल्या जहाजावर आजार असायलाच हवा असं नाही, बंदरानं दार लावलं तरी आपण पाण्यावरच.

आणि हे परदेशातच होतं असं समजू नको. २०२२ च्या नव्या वर्षाला मुंबईहून गोव्याला गेलेलं कॉर्डेलिया आठवतं ना? जहाजावर सुमारे दोन हजार माणसं होती. मुरगाव बंदरात तपासणी झाली, ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुंबईला परत आणावं लागलं. गोवा समोर दिसत होता, पण पाय टेकवता आला नाही.

आता दिवसांचं गणित समजून घे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. पहिल्या लाटेत बहुतेकांना पाचव्या दिवसाच्या आसपास ताप यायचा, ओमायक्रॉनच्या वेळी तिसऱ्या दिवशीच. तू पाच-सात रात्रींचं तिकीट काढलंस आणि पहिल्याच जेवणाला शेजारच्या टेबलावरून लागण झाली, तर आजार जहाजावरच फुटेल. तिथे डॉक्टर एक-दोन, खोली आगपेटीएवढी, आणि वर सगळ्या जहाजाचे डोळे तुझ्याकडे. दोन रात्रींची फेरी असेल तर तोवर तू घरी पोचलेली असशील. लागण टळली असा याचा अर्थ नाही. फक्त आजारी पडायची जागा आपली असेल, आपला डॉक्टर जवळ असेल. म्हणून साथ चालू असताना जहाज दोन रात्रींच्या वर घेऊ नको. मुंबई-गोवा-मुंबई पुरे. मधे तिसरं बंदर असलेली फेरी तर नकोच, कारण जितकी बंदरं तितके नियम. खोली घ्यायची ती बाहेर उघडणाऱ्या गॅलरीची. खिडकी नसलेली आतली खोली कितीही स्वस्त असली तरी तिथे चौदा दिवस काढायची वेळ आली तर काय होईल, ते पैसे भरण्याआधी डोळे मिटून पाहा. आणि सासूबाईंना जहाजावर नेऊ नको. साखर आहे त्यांना.

त्या दोन रात्रींना जोडून रजा मात्र नऊ-दहा दिवसांची टाक. परतल्यावर आठवडाभर बँकेत कामाला जायचं नाही, लग्नात जायचं नाही. लोक सुट्टीचे दिवस मोजतात आणि नंतरचे हे दिवस विसरतात. माझ्या लेखी तेही सुट्टीचेच दिवस आहेत.

घराचा हिशेब याच्या अगदी उलटा. जहाज जितकं आखूड तितकं बरं, घर जितकं लांब तितकं बरं.

माझे आजोबा प्लेगाच्या गोष्टी सांगायचे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या वऱ्हाडातही पसरला. तेव्हा घरंच्या घरं गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहायची. आजोबा तेव्हा लहान होते. ते म्हणायचे, पहिले आठ दिवस पोरांना मजा वाटायची, मग घराची आठवण यायची. कोणी हट्ट धरला की त्यांची आजी म्हणायची, "उंदीर पडनं थांबल्याबिगर गावात पाय ठेवाचा नाही." दोन दिवस शेतात, दोन दिवस गावात, असं केलं तर शेतात जाण्याचा काही उपयोगच नव्हता. किती दिवस राहायचं हे त्या आजाराकडे बघून ठरायचं.

कोकणातल्या घराचंही तसंच आहे. घरात तू, जावई, पोरगं आणि सासूबाई, एवढेच असाल तर तिथे धोका फार थोडा. धोका आहे तो वाटेत. अकोल्याहून रेल्वेची एक रात्र, मुंबईची गर्दी, पुढची गाडी, वाटेतलं जेवण. स्वतःची गाडी असली तरी एक मुक्काम वाटेत करावाच लागतो. चार रात्रींसाठी जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस घालवलेस, तर धोका पूर्ण पत्करलास आणि विसावा अर्धाच मिळाला. म्हणून घर घ्यायचं तर दहा दिवसांच्या खाली नको. बारा ते चौदा उत्तम. पहिले पाच दिवस बाजारात, देवळाच्या रांगेत जायचं नाही. वाटेत काही अंगाला लागलं असेल तर ते तेवढ्यात बहुतेक कळून येतं, आणि पुढचे दिवस मन मोकळं करून फिरता येतं.

२०२० च्या गणपतीत कोकणात काय झालं ते बघ. मुंबईहून जाणाऱ्या चाकरमान्यांना आधी चौदा दिवस विलगीकरण सांगितलं होतं. ते दहावर आणलं. चतुर्थी २२ ऑगस्टला होती, म्हणून १२ तारखेच्या आत गावी पोचा, नंतर आलात तर चाचणी, असा नियम झाला. पाच दिवसांच्या गणपतीसाठी माणसं पंधरा-वीस दिवस गावी राहिली. ज्यांना तेवढी रजा मिळाली नाही त्यांनी घरच्या गणपतीचं दर्शन फोनवर घेतलं. कोकणी माणसाला याहून मोठं दुःख नाही. तुझ्याकडे बारा दिवस नसतील तर यंदा जाऊ नको, मी रागावणार नाही. आठ दिवस काढायला बाळापुरात आपला मळा आहे.

आता घर कसं बघायचं ते. अख्खं घर घे, जिना आणि पडवी दुसऱ्या पाहुण्यांबरोबर वाटून घ्यावी लागेल असं नको. स्वयंपाकघर आपलं हवं. न्याहारीसकट दर सांगितला तर न्याहारी डब्यात दाराशी ठेवाल का विचार. समोरासमोर खिडक्या आहेत का, फोटोत एसी दाखवतात तो सोडून दे, खिडक्यांचे फोटो माग. आधीचे पाहुणे कोणत्या तारखेला जाणार, आणि मधे एक दिवस घर उघडं ठेवाल का, हे विचारायला संकोच करू नको. जो मालक यावर चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. शनिवारी पोचू नको, मंगळवारी पोच. शनिवारी सगळी गर्दी एकदम उतरते आणि रविवारी एकदम चढते. आणि आठवड्यापुढच्या मुक्कामाचा दर वेगळा बोल. बारा दिवसांचं भाडं बारा सुटे दिवस धरून कोणी देत नाही. मधल्या वारी घर रिकामं ठेवण्यापेक्षा मालकालाही ते परवडतं.

दवाखाना किती लांब, हे मालकाला विचारू नको. ते "जवळच आहे" म्हणतात. नकाशावर बघ. तारकर्लीला राहिलीस तर मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. गुहागरला काही मोठं झालं तर चिपळूण गाठावं लागतं. घाटाच्या रस्त्यानं रात्री किती वेळ लागेल ते धरून चाल.

गुहागरवरून आठवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये माझी एक पार्टी तिथे होती. अकरा माणसं, चार रात्री. त्याच वेळी अमरावती-अकोल्यात रुग्ण एकदम वाढले आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली. तिसऱ्या दिवशी दोघांना खोकला सुरू झाला. अकरा जणांना एका गाडीत कोंबून एवढ्या लांब आणायचं मला धाडस झालं नाही. घराचा मालक देवमाणूस, म्हणाला, पुढची बुकिंगं तशीही गेलीत, राहा. आम्ही आणखी नऊ दिवस राहिलो. तांदूळ, डाळ, मासळी सगळं मिळालं. अडलं ते एका गोळीवर. आमच्यातल्या एका मास्तरांची रक्तदाबाची गोळी संपत आली. चार रात्री म्हणून त्यांनी पाच गोळ्या कापून आणलेल्या. दोन उरल्या होत्या त्या तुकड्यावर नावच नव्हतं, नाव छापलेला भाग अकोल्याच्या दुकानातच राहिलेला. मी तो चंदेरी तुकडा हातात घेऊन औषधवाल्यासमोर उभा. त्यानं उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला. अर्धं अक्षर दिसत होतं, तेवढंच. मास्तरांच्या घरी फोन लागेना. शेवटी त्यांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनं दुसऱ्या दिवशी दुपारी नाव सांगितलं. ती रात्र मी झोपलो नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे: मुक्कामाचे दिवस अधिक चौदा, एवढं औषध बरोबर. अख्खं पाकीट घ्यायचं, कापलेलं नाही. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. सासूबाईंचं इन्सुलिन असेल तर घरात फ्रीज आहे का आणि वीज गेली तर काय, हेही त्यात आलं.

विजेवरून मे-जूनचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं आठवड्यानुआठवडे अंधारात होती. पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. लांबचा मुक्काम मेमध्ये घ्यायचा तर १० तारखेच्या आत परत ये. त्यापेक्षा जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात बघ. हवा चांगली, दर उतरलेले, गर्दी पांगलेली.

कागदपत्रांचं थोडक्यात. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं गोव्यात शिरायला ७२ तासांच्या आतला चाचणीचा अहवाल लागायचा. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याहून महाराष्ट्रात परत यायलाही अहवाल मागू लागले होते. अकोल्यात नमुना द्या, अहवालाची वाट पाहा, मग प्रवास. त्यातच ते ७२ तास संपायचे. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही नियम आधी वाच. राज्याची हद्द ओलांडायची नसेल तर एक काळजी कमी होते. तुझ्यासाठी यंदा रत्नागिरी-सिंधुदुर्ग बरं, गोवा पुढे कधीतरी.

विसार देताना पंचवीस टक्क्यांच्या वर देऊ नको. शासनानं बंदी घातली तर पैसे परत, आणि घरात कोणी आजारी पडलं तर तारीख पुढे, ही दोन वाक्यं मालकाकडून लिहून घे, फोनवरच्या संदेशात चालतील. तोंडी बोलणं साथीत टिकत नाही, माणूस चांगला असला तरी. त्याच्याही घरात आजार येतो.

आणि परतल्यावर सरळ आजीला भेटायला येऊ नको. तिची छाती तुला माहीत आहे. मळ्यातल्या खोलीची मी सफेदी करून घेतो आहे, दिव्याची वायर बदलली, न्हाणीघराला नवी कडी लावली. सात दिवस तुम्ही चौघं तिथे राहा. डबा मी सकाळ-संध्याकाळ बांधावर आणून ठेवीन. आजी बांधाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसेल, पोराला लांबूनच समुद्राच्या गोष्टी सांगू दे. तारखा ठरल्या की कळव, म्हणजे हरभरा सोंगायला लावलेल्या माणसांना त्या आठवड्यात खोलीकडे फिरकू नका असं सांगून ठेवतो.