घटक ४ : स्थानिक संकेतस्थळासाठी बोधचिन्ह

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• चित्र आणि बोधचिन्ह यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• बोधचिन्हासाठी संकल्पना-टिपण लिहिता येईल.
• तयार बोधचिन्हाची उपयुक्तता तपासता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोधचिन्ह रेखाटणे हे चित्रकाराचे काम आहे. परंतु त्यात काय असावे, आणि मुख्य म्हणजे काय नसावे, हे आधी भाषेत ठरवावे लागते. ते नेमके ठरले नाही, तर उत्तम चित्रकारही अडखळतो. म्हणून उपयोजित मराठीच्या अभ्यासात या विषयाचा विचार करणे आवश्यक ठरते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ चित्र आणि बोधचिन्ह

चित्र वर्णन करते. बोधचिन्ह केवळ ओळख पटवते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवून पाहा. त्यात कुटुंबाविषयीचा कोणताही तपशील नाही. तरीही भिंतीवर तो पाहताच आशय ध्यानी येत असे आणि गावातील कोणत्याही रंगाऱ्याला तो काढता येई. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेले रुपयाचे चिन्हही असेच आहे. डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ त्यात घातला. ते छापता येते, तसेच दुकानदाराला वहीत सहज लिहिताही येते. साधेपणामुळेच ही चिन्हे सर्वत्र उपयोगी पडतात.

४.२.२ निवडीचा प्रश्न

समजा, सातारा जिल्ह्यातील वाई या गावाची माहिती देणारे संकेतस्थळ तयार करावयाचे आहे. बैठकीत सूचना येतील : ढोल्या गणपती हवा, कृष्णा नदी हवी, घाट हवा, हळद हवी, मराठी विश्वकोशाचे कार्यालय येथे असल्याने ग्रंथही हवा. प्रत्येक सूचना रास्त आहे. मात्र सर्व सूचना स्वीकारल्या, तर बोधचिन्हाऐवजी देखाव्याचे चित्र तयार होईल.

येथे दुसराही प्रश्न उद्भवतो. संकेतस्थळ साऱ्या गावाचे असेल, तर त्याचे चिन्ह प्रत्येक रहिवाशाला आपले वाटले पाहिजे. एखादे श्रद्धास्थान निवडल्यास काहींना आपण बाहेरचे आहोत असे वाटू शकते. या दोन्ही कारणांनी नदीकडे उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या हा विषय योग्य ठरतो. तीन पायऱ्या आणि खाली पाण्याची एक रेघ एवढे पुरेसे आहे. वगळलेल्या गोष्टींना संकेतस्थळाच्या पानांवर जागा आहेच.

हा निर्णय संकल्पना-टिपणात असा मांडता येईल : ‘वाईतील सर्व रहिवाशांसाठी असलेल्या या संकेतस्थळाची ओळख घाटाच्या तीन पायऱ्या व पाण्याची एक रेघ यांतून व्हावी, अन्य आकृती नसावी.’ वाद मिटवण्याचे काम असे एक नेमके वाक्य करते.

४.२.३ देवनागरी अक्षराचा वापर

चित्राऐवजी गावाच्या नावाचे आद्याक्षरही घेता येते. मात्र लहान आकारात जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ यांच्या तुलनेत ‘ग’ किंवा ‘प’ अधिक स्पष्ट राहतात. संपूर्ण नाव चिन्हात कोंबण्यापेक्षा ते शेजारी स्वतंत्रपणे लिहावे.

४.२.४ चार कसोट्या

१. आकार : ब्राउझरच्या टॅबवर चिन्हाला अनेकदा १६ × १६, म्हणजे अवघे २५६ पिक्सेल मिळतात. तीन पायऱ्यांना प्रत्येकी ३, मधल्या रिकाम्या जागेला २ आणि पाण्याच्या रेघेला ३ पिक्सेल धरल्यास एकूण उंची १४ होते. म्हणजे चिन्ह त्यात बसते.
२. एकरंग : रबरी शिक्का आणि झेरॉक्स यांत रंग उरत नाहीत. म्हणून आधी काळ्या रंगातच रेखाटन करावे.
३. चौकट : मोबाइलवर चिन्ह पुष्कळदा वर्तुळात दिसते. कोपरे कापले गेले तरी आकृती अखंड राहावी.
४. स्मरण : चिन्ह पाच सेकंद दाखवून झाकावे व पाहणाऱ्यास ते काढावयास सांगावे. ढोबळ आकृती जमली, तर चिन्ह यशस्वी समजावे.

मूळ चिन्ह एसव्हीजीसारख्या व्हेक्टर स्वरूपात जतन करावे. त्यात रेषांचे मोजमाप साठवलेले असल्याने फलकाएवढे मोठे केले तरी कडा फाटत नाहीत.

४.३ सारांश

बोधचिन्ह गावाविषयी सर्व काही सांगत नाही. ते गाव ओळखावयास मदत करते. एक आकृती निवडणे, तिचे कारण शब्दांत मांडणे आणि चार कसोट्यांवर ती तपासणे, हा बोधचिन्ह-रचनेचा क्रम आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चित्र व बोधचिन्ह यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. बोधचिन्ह आधी एकाच रंगात का रेखाटावे?

४.५ उपक्रम

आपल्या गावाच्या संकेतस्थळासाठी सुचणाऱ्या पाच गोष्टींची यादी करा. त्यांपैकी चार वगळा आणि प्रत्येक वेळी वगळण्याचे कारण एका वाक्यात लिहा. उरलेल्या गोष्टीवर संकल्पना-टिपण तयार करा.