आयुर्विमा आणि माणसांची साखळी

शाळा सोडून उद्योगाच्या शोधात निघालेल्या तरुणास केव्हा तरी असे आमंत्रण येते: "स्वतः विमा उतरा, हाताखाली सहा जण आणा, त्यांनी प्रत्येकी सहा आणावेत, सर्वांच्या दलालीचा अंश तुम्हांस घरबसल्या मिळेल." होकार देण्यापूर्वी काय तपासावे, हे आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

आयुर्विमा मुळात चांगला, याविषयी शंका नाही. अनेकांनी थोडेथोडे द्यावे व ज्या घरावर अकाली घाला पडेल त्यास त्या निधीतून आधार मिळावा, हे त्याचे तत्त्व होय. साताऱ्यास हा व्यवसाय परका नाही. कै. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली येथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी स्थापिली. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा तिचा कारभार आयुर्विमा महामंडळाकडे गेला. विमा विकून दलाली मिळविणे हाही प्रामाणिक उद्योग आहे. मात्र ती दलाली गरजेपोटी घेतलेल्या विम्यावर मिळावी. माणसांच्या भरतीवर नव्हे.

आता गणित पाहू. ६, ३६, २१६, १,२९६ अशा चढत्या पायऱ्या मांडल्या तर आठवीस १६,७९,६१६ व नववीस १,००,७७,६९६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगलीची २८,२२,१४३ होती. तान्ही बालके धरूनही बेरीज ५८,२५,८८४ भरते. नववी पायरी भरण्यास दोन्ही जिल्हे पुरत नाहीत! शिवाय साखळी कोठेही तुटो, सहांपैकी सुमारे पाच जण शेवटच्या पायरीवरच असतात व त्यांच्या हाताखाली कोणीही नसते.

हे पाच जण कोण? कोणाचा मामा, कोणाचा शेजारी. त्यांनी विमा घेतला तो गरजेसाठी नव्हे, भिडेखातर किंवा लाभाच्या आशेने. पुढील हप्ता जड जातो, विमा बंद पडतो. आणि ज्या दिवशी कुटुंबास आधार हवा, त्या दिवशी तो नसतो. पैशाबरोबर नातेही जाते.

कायदाही येथे आडवा येतो. १९३८ च्या विमा अधिनियमात २०१५ साली कलम ४२अ घालून, साखळी योजनेद्वारे विमा घेण्यास लोकांस प्रवृत्त करणे निषिद्ध ठरविले आहे.

तेव्हा आमंत्रण देणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत. नवा मनुष्य न आणता, केवळ विमा विकून मिळकत होईल काय? कामावर रुजू होण्यासाठी आधी स्वतः विमा घेणे वा पैसे भरणे भाग आहे काय? परीक्षा देऊन, विमा कंपनीकडून रीतसर प्रतिनिधि म्हणून नेमणूक मिळेल काय? पहिल्यास व तिसऱ्यास स्पष्ट 'होय' आणि दुसऱ्यास स्पष्ट 'नाही' असे उत्तर, तेही लेखी, मिळाल्यावाचून पालकांनी सही करू नये व मुलास करू देऊ नये.