खमीर ह्या शब्दाचा अर्थ

'खमीर' हा शब्द आपण शास्त्रांत वारंवार ऐकतों. परंतु आपली ज्वारीची भाकरी न आंबवितां भाजलेली, म्हणजे बेखमीरच, असल्यामुळें खेड्यांतील पुष्कळांस त्याचा अर्थ नीट कळत नाहीं. म्हणून आम्ही तो येथें थोडक्यांत सांगतों.

हा शब्द मूळचा अरबी असून फारशीच्या द्वारें आपल्याकडे आला. अरबींत एकाच धातूपासून आंबलेली कणीक व मद्य ह्या दोहोंचीं नांवें झालीं आहेत. इब्री भाषेंत दोन शब्द आहेत: आंबविण्यासाठीं राखून ठेवलेल्या जुन्या गोळ्यास 'सओर' आणि त्यानें आंबलेल्या पदार्थास 'हामेस'. निर्गमाच्या १२ व्या अध्यायांत दोन्ही आढळतात.

खमिरांत डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. ते पिठांतील साखर खाऊन वायु सोडतात व त्या योगें कणीक फुगते. आंबणें हें सजीवांचें कार्य आहे, असें लुई पाश्चर ह्यांनीं १८५७ सालापासून प्रयोगांनीं दाखविलें.

आतां कित्येक शिक्षक खमीर म्हणजे सदा पापच असें शिकवितात, तें बरोबर नाहीं. १ करिंथ ५ ह्यांत तो शब्द दुष्टाईस लाविला आहे खरा; पण मत्तय १३:३३ ह्यांत स्त्रीनें तीन मापें पिठांत लपविलेलें खमीर स्वर्गाच्या राज्याची उपमा आहे. दोहोंत सारखें एवढेंच, कीं थोडें तें सर्वांत गुप्तपणें पसरतें. बरें कीं वाईट, हें संदर्भावरून ठरवावें.

पाठ देतांना प्रथम विरजणाचा दाखला द्यावा. दुधांत घातलेला तो चमचाभर अंश रात्रींत काय करितो, हें प्रत्येक घरच्या बाईस ठाऊक आहे.