दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून काय शिकायचं? क्लिफर्ड मिरांडाची गोष्ट

परवाचा व्हिडिओ बघून नेवाशाकडच्या एका मुलाचा फोन आला. हार्डवेअरच्या दुकानात सहा वर्षं काउंटर सांभाळतोय. शेठ आजारी पडले, तेव्हा चार महिने दुकान यानेच चालवलं. शेठ बरे झाले आणि गल्ल्यावर पुतण्याला बसवलं. आता हा म्हणतो, "सर, आईचं सोनं ठेवतो, तीन लाख उचलतो आणि समोरच दुकान टाकतो."

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एका फुटबॉलवाल्याची गोष्ट सांगितली. आपल्याकडे क्रिकेटपुढे फुटबॉल कोण बघतं, पण गोव्यात तो घराघरात आहे.

क्लिफर्ड मिरांडा गोव्याचा. डाव्या बाजूने खेळणारा मिडफिल्डर, भारताकडूनही खेळला. त्याची बरीचशी वर्षं डेम्पो क्लबमध्ये गेली. आर्मांदो कोलासो यांच्या हाताखाली डेम्पोने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. म्हणजे जिंकणारं दुकान आतून कसं चालतं, हे त्याने खेळाडू म्हणूनच पाहिलं होतं.

खेळणं संपल्यावर तो प्रशिक्षणात उतरला आणि एफसी गोवामध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करू लागला. 31 जानेवारी 2020 ला क्लबने सर्जिओ लोबेरा यांना काढलं. साखळीचे तीनच सामने उरले होते. क्लबने संघ क्लिफर्डकडे दिला, सोबत डेरिक परेरा. गोव्याने तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरवर 5-0, आणि साखळीत पहिला नंबर पटकावला. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून हरले, तेही खरं. आणि पुढच्या हंगामात मुख्य प्रशिक्षक म्हणून आले हुआन फेरांदो. क्लिफर्ड पुन्हा सहाय्यक!

आता इथे जरा थांबा. तुम्ही असता तर काय केलं असतं? राजीनामा तोंडावर फेकला असता ना?

तो पुढे ओडिशा एफसीला गेला, पुन्हा सहाय्यक म्हणून. मार्च 2023 मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक जोसेप गोम्बाऊ गेले आणि संघ परत याच्या हातात आला. 25 एप्रिल 2023, कोझिकोड. सुपर कपच्या अंतिम सामन्यात ओडिशाने बेंगळुरूला 2-1 ने हरवलं. दोन्ही गोल दिएगो मॉरिसिओचे. ओडिशाची ही पहिली मोठी ट्रॉफी. आणि लगेच पुढच्याच महिन्यात ओडिशाने मुख्य प्रशिक्षक म्हणून कोणाला आणलं? सर्जिओ लोबेरा! मला हे वाचून राग आला होता, खरं सांगतो.

पण क्लिफर्ड रिकामा बसला नाही. मोहन बागानमध्ये तेव्हा तेच फेरांदो होते, ज्यांच्याबरोबर त्याने गोव्यात काम केलं होतं. तिथे तो सहाय्यक झाला. त्याच वर्षी भारताच्या 23 वर्षांखालच्या संघाचंही काम त्याच्याकडे आलं. म्हणजे खुर्ची गेली तरी ओळख राहिली, आणि एएफसी प्रो लायसन्स तर त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. ते कोणता क्लब काढून घेणार?

मी त्या मुलाला एवढंच विचारलं, "तुझ्या नावावर काय आहे?" होलसेलवाला तुला माल उधार देईल की शेठच्या नावाला? प्लंबर, गवंडी लोकांचे नंबर तुझ्या फोनमध्ये आहेत की दुकानाच्या वहीत? कोणता माल किती दिवस पडून राहतो, कोणाची उधारी बुडते, हे तुला तोंडपाठ आहे का?

बीबीए झाल्या झाल्या मी हे काहीच न विचारता दुकान टाकलं होतं. पहिल्या दिवाळीला माल भरपूर होता, वसुली शून्य. दुसऱ्याच्या दुकानात दोन वर्षं काढली असती, तर ती फी शेठने भरली असती, माझ्या वडिलांनी नाही.

पोरगं थोडा वेळ गप्प होतं. मग म्हणालं, "प्लंबर मला ओळखतात सर, पण होलसेलवाला नाही." मी म्हटलं, मग सोनं सध्या आईकडेच राहू दे. दिवाळीपर्यंत नोकरी कर आणि महिन्यातून एकदा सुट्टी घेऊन नगरच्या होलसेल बाजारात स्वतः जा. थोडा का होईना, रोखीने माल घे आणि बिल स्वतःच्या नावावर करून घे. त्याचं पहिलं बिल परवा व्हॉट्सॲपवर आलं, 4,200 रुपयांचं, सीपीव्हीसी फिटिंगचं.